व्हँपायरची लोकसमजूत : साधनांची एक चिकित्सा

(१)

लोकसाहित्याच्या क्षेत्रात काही विषय असे असतात की, त्यांना लाभलेल्या लोकप्रियतेमुळेच त्यांचे यथार्थ आकलन दुर्घट होऊन बसते. बाल्कन प्रदेशातील व पूर्व युरोपातील स्लाव्ह लोकांत प्रचलित असलेली व्हँपायरची समजूत हा अशांपैकीच एक विषय होय. हा शब्द उच्चारताच सुशिक्षित वाचकाच्या डोळ्यांपुढे जी मूर्ती उभी राहते ती काळा झगा पांघरलेल्या, फिकट चेहऱ्याच्या, खानदानी रीतीभातीच्या एका सरदाराची असते. ब्रॅम स्टोकरच्या 'ड्रॅक्युला' (१८९७) या कादंबरीने आणि तिच्यावर बेतलेल्या चित्रपटांनी ही मूर्ती घडविली. सर्बियातील किंवा बल्गेरियातील जुन्या काळच्या खेडुताला ती दाखविली असती, तर त्याला तिची ओळख पटली नसती. त्याच्या समजुतीतला 'वांपिर' हा सरदार नव्हता; तो बहुधा त्याच्याच गावचा, नुकताच वारलेला शेतकरी होता. तो फिकट नव्हता; फुगलेला आणि लालबुंद होता. 'वांपिरासारखा लाल' हा वाक्प्रचार व्हूक काराजिचने आपल्या सर्बियन कोशात नोंदवून ठेवलेला आहे. आणि मुख्य गोष्ट अशी की, हा वांपिर परक्याच्या दारी जात नसे. तो प्रथम आपल्याच घरी येई.

हा फरक केवळ तपशिलाचा नाही. वाङ्मयातील व्हँपायर हे बाहेरून येणारे अरिष्ट आहे. लोकसमजुतीतील वांपिर हे आतून, आप्तसंबंधांतूनच उद्भवणारे अरिष्ट आहे. या दोहोंची गल्लत झाल्यामुळे या विषयाच्या मीमांसेत अनेक चुकीच्या उपपत्ती शिरल्या आहेत. ज्या साधनांवरून ही समजूत आपल्याला कळते ती साधने कोणी, कोणासाठी व कोणत्या हेतूने तयार केली, याची छाननी केल्यावाचून तिच्या अर्थाविषयी बोलणे धाडसाचे ठरते. प्रस्तुत विवेचनात लोकांतील कल्पनेसाठी 'वांपिर' आणि वाङ्मयातील पात्रासाठी 'व्हँपायर' असा शब्दभेद मुद्दाम पाळला आहे.

(२)

या समजुतीच्या प्राचीनतेविषयी प्रथमच एक सावधगिरी बाळगली पाहिजे. पूर्व स्लाव्ह भाषांतील 'उपीर' हा शब्द १०४७ साली नोव्हगोरोदच्या राजपुत्रासाठी धर्मग्रंथाची प्रत करणाऱ्या एका पुरोहिताच्या नावात आढळतो. पंधराव्या शतकातील नकलांतून टिकलेल्या त्या पुष्पिकेत त्याने स्वतःला 'उपीर लिखी' म्हटले आहे. यावरून अकराव्या शतकात वांपिराची समजूत रूढ होती, असे अनुमान पुष्कळ ग्रंथांतून केलेले दिसते. परंतु हे नाव मुळात 'ओपीर' या स्कँडिनेव्हियन नावाचे रशियन रूप असावे, असेही मत मांडले गेले आहे. शब्दाच्या व्युत्पत्तीचीही तीच अवस्था आहे. मिक्लोशिचने तो तुर्की भाषांतील चेटकिणीच्या वाचक शब्दाशी जोडला. इतरांनी त्याचे मूळ स्लाव्ह धातूंत शोधले. सर्वमान्य निर्णय मात्र झालेला नाही. तेव्हा नावाच्या आधारावर समजुतीचा इतिहास उभारणे हे वाळूवर भिंत बांधण्यासारखे आहे.

नावापेक्षा कृतीचा पुरावा अधिक भक्कम आहे. सर्बियाचा सम्राट स्तेफान दुशान याने १३४९ मध्ये घोषित केलेल्या आणि १३५४ मध्ये वाढविलेल्या विधिसंहितेत असा एक नियम आहे की, चेटकाच्या नादाने प्रेते थडग्यांतून काढून जाळणाऱ्या गावाने मनुष्यवधाचा दंड भरावा. आणि एखादा धर्मगुरू या कृत्यास हजर राहिल्यास त्याचे पौरोहित्य काढून घ्यावे. या नियमात वांपिर हा शब्द कोठेही नाही; पण जे कृत्य निषिद्ध ठरविले आहे ते पुढे चार शतके वर्णिले गेलेलेच कृत्य आहे. शिवाय नियमाच्या शब्दयोजनेवरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. एक, हे कृत्य एकट्यादुकट्याचे नसून सबंध गावाचे होते, म्हणूनच दंड गावावर बसविला गेला. दुसरी, स्थानिक धर्मगुरूही त्यात सामील होत असत; नाही तर त्यांच्यासाठी स्वतंत्र शिक्षा सांगण्याचे कारण नव्हते.

रशियात तेराव्या शतकात व्लादिमीरचा धर्माध्यक्ष सेरापिओन (मृत्यू १२७५) याने आपल्या प्रवचनात बुडून वा गळफासाने मेलेल्यांची प्रेते उकरून काढण्याच्या चालीची कठोर निर्भर्त्सना केली. लोक हे कृत्य नैसर्गिक आपत्ती टळावी म्हणून करीत. येथे रक्तप्राशनाचा उल्लेखही नाही. अकाली व अपघाती मरण आलेला माणूस जमिनीला मानवत नाही, त्याला पुरल्याने जमीन रुसते, हा त्यामागील भाव आहे. रशियन अभ्यासक झेलेनिन याने १९१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात अशा मृतांचा एक स्वतंत्र वर्गच सिद्ध केला. आपले आयुर्मान पुरे न करता गेलेले हे लोक ना जिवंतांत मोडतात, ना पितरांत, हे त्याचे प्रतिपादन आजही या विषयाचा पाया आहे.

उलट १२६२ च्या एका सर्बियन धर्मनियमसंग्रहाच्या हस्तलिखितात 'वुकोद्लाक' हा शब्द मेघांचा पाठलाग करणाऱ्या आणि ग्रहणाच्या वेळी सूर्यचंद्रांना गिळणाऱ्या सत्त्वासाठी वापरलेला आहे. हाच शब्द पुढे त्या प्रदेशात वांपिराचा पर्याय झाला. म्हणजे एकच शब्द निरनिराळ्या काळी निरनिराळ्या कल्पनांचा वाहक झालेला आहे. शब्द टिकला म्हणून कल्पनाही तीच राहिली, असे मानण्याचे कारण नाही.

(३)

पश्चिम युरोपला वांपिराची ओळख झाली ती दोन सरकारी कागदांमुळे. १७१८ च्या पासारोव्हिट्झ येथील तहाने उत्तर सर्बिया तुर्कांच्या हातून ऑस्ट्रियाकडे आला आणि १७३९ पर्यंत त्याच अंमलाखाली राहिला. या एकवीस वर्षांत व्हिएन्नाचे कारकून, सेनाधिकारी व शस्त्रवैद्य प्रथमच त्या खेड्यांत वावरू लागले, आणि गावकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या चालविलेला एक विधी पहिल्यांदाच दप्तरात नोंदविला गेला. वांपिर त्या वेळी जन्मला नाही. त्या वेळी तो लेखनिविष्ट झाला, एवढेच.

पहिला अहवाल १७२५ चा, किसिल्येवो या गावचा. पेटर प्लोगोयोविट्झ नावाचा शेतकरी वारल्यानंतर दहा आठवड्यांनी, आठ दिवसांच्या आत, त्या गावची नऊ माणसे अल्पशा आजाराने दगावली. प्लोगोयोविट्झ झोपेत आपल्या अंगावर येऊन पडला व त्याने आपला गळा दाबला, असे त्यांनी मरणापूर्वी सांगितले. त्याच्या बायकोनेही तो आपल्याकडे येऊन पायताणे मागू लागला असे सांगितले व ती गाव सोडून निघून गेली. फ्रोमबाल्ड नावाच्या सरकारी अधिकाऱ्याने वरिष्ठांची परवानगी येईपर्यंत थांबण्यास सांगितले, तेव्हा गावकऱ्यांनी त्याला बजावले की, परवानगी येईपर्यंत गाव उरणार नाही. तुर्कांच्या काळात असे एक गाव उजाड झालेले आहे. थडगे उघडू दिले नाही तर आपण घरेदारे सोडून जाऊ. शेवटी फ्रोमबाल्ड धर्मगुरूसह तेथे गेला. नाक थोडे बसलेले सोडता प्रेत ताजे होते, केस, दाढी व नखे वाढलेली होती, जुनी कातडी सुटून खाली नवी आलेली होती आणि तोंडात रक्त होते, असे त्याने लिहिले आहे. मग गावकऱ्यांनी अणकुचीदार खुंट छातीत ठोकला व प्रेत जाळून टाकले. अहवालाच्या शेवटी फ्रोमबाल्डने सांगून ठेवले आहे की, यात काही चूक घडली असल्यास तिचा दोष आपला नसून भयाने बेभान झालेल्या जमावाचा समजावा. हा अहवाल त्याच वर्षीच्या जुलैमध्ये व्हिएन्नाच्या वृत्तपत्रात छापून आला.

या अहवालातील एक गोष्ट बहुतेक टीकाकारांच्या नजरेतून निसटलेली दिसते. मरणाऱ्या नऊ जणांची तक्रार रक्त शोषल्याची नव्हती. ती गळा दाबल्याची व छातीवर बसल्याची होती. रक्ताचा प्रश्न उपस्थित होतो तो थडगे उघडल्यानंतर, प्रेताच्या तोंडात ते दिसल्यावर. आणि ते मृतांपासून शोषलेले असणार हा सार्वत्रिक समज तेथे पुरावा म्हणून जोडला जातो. म्हणजे निदान या घटनेपुरते तरी रक्तप्राशन हे पीडितांचे अनुभवकथन नसून प्रेतपरीक्षेतून काढलेले अनुमान आहे. ज्या लक्षणावरून या सत्त्वाला मराठीत 'रक्तपिशाच' हे नाव मिळाले, ते लक्षण मूळ साधनात दुय्यम स्थानी आहे.

दुसरा अहवाल अधिक विस्तृत व अधिक प्रसिद्ध आहे. मोराव्हा नदीकाठच्या मेद्वेजा गावी १७३१ च्या अखेरीस तीन महिन्यांत सतरा माणसे दगावली. प्रथम साथीच्या रोगांचा एक वैद्य पाठविण्यात आला. त्याला साथीची चिन्हे आढळली नाहीत. नंतर जानेवारी १७३२ मध्ये शस्त्रवैद्य योहान फ्ल्यूकिंगर याच्या नेतृत्वाखाली लष्करी मंडळ तेथे गेले. गावकऱ्यांनी त्यांना पाच वर्षांपूर्वीचा वृत्तांत सांगितला. अर्नोल्ड पाओले नावाचा हायदूक (सरहद्दीवरील शिपाईगडी) गवताच्या गाडीवरून पडून मान मोडून मेला. तुर्की सर्बियात असताना आपल्याला एका वांपिराने छळले होते व म्हणून आपण त्याच्या थडग्यावरची माती खाल्ली, त्याचे रक्त अंगाला लावले, असे तो हयातीत सांगत असे. मृत्यूनंतर वीस-तीस दिवसांनी लोकांना त्याचा त्रास होऊ लागला. चार जण मेले. चाळिसाव्या दिवशी थडगे उघडून त्याला खुंट मारण्यात आला, तेव्हा तो कण्हला, असे लोकांचे म्हणणे. त्याने गुरांनाही उपद्रव दिला होता, आणि त्या गुरांचे मांस खाल्लेल्यांपासून हा नवा प्रादुर्भाव सुरू झाला, अशी गावाची खात्री होती.

मंडळाने मग एकामागून एक थडगी उघडली. फ्ल्यूकिंगरची भाषा येथे अभ्यसनीय आहे. प्रत्येक प्रेताचे वय, आजाराचे दिवस, पुरल्याचा काळ, छातीच्या पोकळीतील रक्त, आतड्यांची स्थिती हे सर्व तो वैद्याच्या शिस्तीने नोंदवितो. आणि नोंदीच्या शेवटी, जे प्रेत कुजलेले नाही ते 'वांपिर-अवस्थेत' आहे, असा शेरा मारतो. निरीक्षण वैद्याचे आहे, वर्गीकरण गावकऱ्यांचे आहे. आणि दोन्ही एकाच वाक्यात, एकाच शाईने उतरली आहेत. पश्चिमेकडील वाचकांवर या कागदाचा जो विलक्षण परिणाम झाला त्याचे मर्म येथे आहे. खेडुतांची गोष्ट म्हणून जी हसण्यावारी नेता आली असती, ती सैन्यातील अधिकाऱ्यांच्या सहीने आल्यामुळे विवाद्य झाली. त्या एका वर्षात जर्मन विद्यापीठांतून व नियतकालिकांतून या विषयावर चर्चेचा पूर लोटला, आणि हा शब्द इंग्रजीतही याच निमित्ताने शिरला.

(४)

या अहवालांतील चमत्कारांची भौतिक उपपत्ती आता पुरेशी स्पष्ट झालेली आहे. पॉल बार्बर याने १९८८ च्या ग्रंथात न्यायवैद्यकाच्या आधारे दाखविले की, गावकऱ्यांचे निरीक्षण खोटे नव्हते. त्यांनी काढलेला निष्कर्ष तेवढा चुकीचा होता. प्रेतात साठणाऱ्या वायूंमुळे शरीर फुगते व तांबूस द्रव तोंडानाकावाटे बाहेर येतो. बाह्य त्वचा व नखे सुटून खालची त्वचा नव्यासारखी दिसते. त्वचा आक्रसल्याने केस व नखे वाढल्याचा भास होतो. खुंट मारताच छातीतील हवा घशातून बाहेर पडून कण्हल्यासारखा आवाज होतो. मेद्वेजाची मिलिझा नावाची साठ वर्षांची बाई जन्मभर रोडकी होती व थडग्यात ती लठ्ठ कशी झाली, याचे हायदुकांना आश्चर्य वाटले, असे अहवाल सांगतो. बार्बरच्या विवेचनानंतर त्या आश्चर्याचा उलगडा होतो. थडगी जानेवारीच्या थंडीत उघडली गेली, ही गोष्टही विसरता येत नाही. वांपिराचा सुळसुळाट नाताळपासून येशूच्या स्वर्गारोहणाच्या सणापर्यंत अधिक असतो, असे काराजिच नोंदवितो. प्रेत सावकाश कुजण्याचा काळही बव्हंशी तोच.

याउलट काही वैद्यकीय उपपत्ती मुळातच अस्थानी आहेत. १९८५ मध्ये पोर्फिरिया या रक्तविकाराशी व्हँपायरची सांगड घालण्यात आली, कारण त्या रोग्याला ऊन सोसत नाही. परंतु उन्हाने नष्ट होणारा व्हँपायर हे १९२२ च्या 'नोस्फेराटू' या जर्मन चित्रपटाचे अपत्य आहे. स्टोकरचा ड्रॅक्युलासुद्धा दिवसाढवळ्या हिंडतो, आणि मेद्वेजाच्या कागदात उन्हाचा संबंधच येत नाही. चित्रपटातील लक्षणाचा खुलासा करून लोकसमजुतीचा खुलासा केल्याचे समाधान मानणे, हा वर सांगितलेल्या गल्लतीचाच परिपाक होय.

बार्बरची उपपत्ती मान्य केली तरी तिची मर्यादा लक्षात घेणे प्राप्त आहे. थडगे उघडल्यावर जे दिसले ते तसे का दिसले, एवढेच ती सांगते. थडगे उघडावेसे का वाटले, आणि अमक्याचेच का उघडले, या प्रश्नांना तिच्यापाशी उत्तर नाही. ते उत्तर शरीरशास्त्रात नसून समाजरचनेत व मृत्युविधींत शोधले पाहिजे.

(५)

काराजिचच्या कोशातील (पहिली आवृत्ती १८१८, दुसरी १८५२) 'वुकोद्लाक' या शब्दाखालील नोंद या दृष्टीने अमोल आहे. मृत्यूनंतर चाळीस दिवसांनी ज्याच्यात सैतानी चैतन्य शिरते व ज्याला उठविते तो वुकोद्लाक, अशी व्याख्या तेथे आहे. भल्या माणसाच्या वाट्याला हे सहसा येत नाही. पण प्रेतावरून पक्षी उडाला वा एखादे जनावर ओलांडून गेले तर त्याचीही तीच गत होते. म्हणून प्रेताची राखण करतात. तो आपल्या बायकोकडे, विशेषतः ती तरुण व देखणी असल्यास, येतो; आणि त्यांच्या मुलाला हाडे नसतात, असे म्हणतात. दुष्काळात तो गिरणीभोवती व धान्याच्या कोठारांभोवती दिसतो. प्रेतवस्त्र खांद्यावर टाकून तो फिरतो. त्याला उकरून ग्लोग नावाच्या काटेरी झाडाच्या खुंटाने भोसकून जाळतात.

या नोंदीतील एकेक तपशील घरगुती आहे. बायको, मूल, गिरणी, कोठार ही सर्व जिवंत शेतकऱ्याच्या जीवनाची स्थाने आहेत. किसिल्येवोचा मृत मनुष्य रक्त मागत नाही, पायताणे मागतो. कारण त्याला चालायचे आहे, आणि जी चालण्याची वाट त्याने धरायला हवी होती ती त्याला सापडलेली नाही. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती परंपरेत मृत्यूनंतरचा चाळिसावा दिवस हा आत्म्याच्या निर्गमनाचा दिवस. तोवर मृत अर्धवट घरचा असतो. त्यानंतर तो पितरांचा होतो. रोबेर हर्त्झने १९०७ मध्ये व व्हान गेनेपने १९०९ मध्ये दाखविले की, मरण हा क्षण नसून विधींनी पार करावयाचा कालखंड आहे. वांपिर म्हणजे ज्याचा हा कालखंड तडीस गेला नाही असा मृत. अंत्यविधीत झालेली हयगय, अपघाती मरण, प्रेतावरून गेलेले मांजर, ही सर्व कारणे या एकाच तत्त्वात सामावतात. चाळीस दिवसांपूर्वीचा बल्गेरियन वांपिर हा केवळ रक्ताने भरलेली, हाडे नसलेली पिशवी असतो, ही समजूतही त्याच अपुऱ्या अवस्थेचे चित्र आहे.

न कुजलेल्या देहाचा प्रश्न येथे आणखी गुंतागुंतीचा होतो. ऑर्थोडॉक्स परंपरेत संताचा देह कुजत नाही, आणि ते त्याच्या पावित्र्याचे चिन्ह मानले जाते. पण बहिष्कृताचा व शापिताचा देहही कुजत नाही. ग्रीसमध्ये काही वर्षांनी हाडे उकरून धुऊन अस्थिगृहात ठेवण्याची चाल असल्याने हा प्रश्न घरोघरी उभा राही. प्रेत विरघळलेले नसल्यास त्याच्यावर पापमोचनाच्या प्रार्थना म्हटल्या जात. चिन्ह एक आणि अर्थ दोन, अशा स्थितीत निर्णय चिन्हावरून होत नाही. तो मृताविषयी गावाच्या मनात आधीच असलेल्या भावनेवरून होतो.

पुरातत्त्वाचा एक नवा पुरावा या मताला पुष्टी देतो. पोलंडमधील द्राव्स्को येथील सतराव्या-अठराव्या शतकांच्या दफनभूमीत काही सांगाड्यांच्या गळ्यावर वा पोटावर विळे ठेवलेले सापडले. ही माणसे परगावची, म्हणून संशयास्पद असावीत, असा तर्क होता. परंतु २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, दातांतील स्ट्राँशियमच्या परीक्षेने ती स्थानिकच होती असे दिसून आले. विळा ठेवण्यामागील हेतू सांगाडा बोलून दाखवीत नाही, ही मर्यादा मान्य करूनही, भय परक्याचे नसून आपल्यातल्याचे होते हा निष्कर्ष टाळता येत नाही.

(६)

येथे एका महत्त्वाच्या मताचा परामर्श घेणे अगत्याचे आहे. हंगेरियन इतिहासकार गाबोर क्लानित्साय याने असे प्रतिपादन केले आहे की, अठराव्या शतकात हाब्सबुर्ग साम्राज्यात चेटकिणींच्या खटल्यांचा ऱ्हास आणि वांपिरांच्या प्रकरणांचा गाजावाजा या परस्परसंबद्ध घटना आहेत. १७५५ मध्ये रोझिना पोलाकिन नावाच्या मृत स्त्रीचे प्रेत वांपिर म्हणून जाळण्यात आले, तेव्हा सम्राज्ञी मारिया थेरेझा हिचा राजवैद्य गेरार्ड व्हान स्वीटेन याने त्या समजुतीचे खंडन करणारा अहवाल दिला. त्याच वर्षी प्रेते उकरण्यास मनाई झाली, आणि पुढे चेटकाच्या खटल्यांवरही निर्बंध आले. चेटकिणीच्या समजुतीत अरिष्टाचा दोष जिवंत शेजारणीवर येतो. वांपिराच्या समजुतीत तो मृतावर जातो. जे जाळायचे ते प्रेत असल्यामुळे ही समजूत तुलनेने निरुपद्रवी आहे, असे अनुमान यावरून काही लेखक काढतात.

क्लानित्सायचा मूळ सिद्धान्त साधार आहे; पण त्यावरून काढलेले हे अनुमान मेद्वेजाच्या कागदापुढे टिकत नाही. त्या यादीतील पहिलीच नोंद स्ताना नावाच्या वीस वर्षांच्या तरुणीची आहे. ती दोन महिन्यांपूर्वी बाळंतपणानंतर तीन दिवसांच्या आजाराने वारली. तिचे मूल जन्मतःच गेले, आणि नीट न पुरल्यामुळे कुत्र्यांनी ते अर्धे खाल्ले होते. वांपिरापासून संरक्षण मिळावे म्हणून आपण त्याचे रक्त अंगाला लावले होते, असे तिने मरणापूर्वी सांगितले होते. हेच तिच्याविरुद्ध प्रमाण ठरले. अर्नोल्ड पाओलेच्या बाबतीतही हेच घडले. जिवंतपणी भयाने केलेला उपाय मरणोत्तर आरोपाचे कारण झाला. गावाने सांगितलेला तोडगा करणारा मनुष्य त्या तोडग्यामुळेच गावाच्या संशयास पात्र होतो, हे या समजुतीतले दारुण चक्र आहे; आणि ते मृतांपुरते मर्यादित नाही. ज्यांनी ती गुरे खाल्ली होती व जे अजून हयात होते, त्या प्रत्येकाला आपल्या थडग्याचे भवितव्य त्या दिवशी समजले असले पाहिजे.

त्याच यादीत दुसरी एक गोष्ट आहे. गावप्रमुखाची बायको व तिचे मूल, तसेच निशाणदाराची बायको व तिचे मूल, यांची प्रेते पूर्ण कुजलेली आढळली, आणि ती पुन्हा पुरण्यात आली. यावरून प्रतिष्ठितांना सवलत मिळाली असा तर्क करण्याचा मोह होतो. परंतु एका हायदुकाचा नोकरही तसाच कुजलेला आढळून निर्दोष ठरला. एवढ्या अल्प सामग्रीवरून वर्गभेदाचा सिद्धान्त उभारता येत नाही. निश्चित म्हणता येते ते एवढेच की, या विधीत दोषमुक्तीची सोय होती. कुजणे म्हणजे सुटका होती. बाकीच्यांची डोकी कापून देह जाळण्यात आले व राख मोराव्हात सोडण्यात आली. स्तानाच्या नवऱ्याला, आईबापांना त्या वेळी काय वाटले, हे फ्ल्यूकिंगरने विचारलेले नाही. आणि त्यानंतरच्या जवळजवळ तीनशे वर्षांच्या चर्चेतही तो प्रश्न क्वचितच विचारला गेला आहे.

(७)

वाङ्मयाने या सामग्रीचे काय केले, याचा विचार आता थोडक्यात करता येईल. पोलिदोरीच्या १८१९ च्या कथेने व्हँपायरला उमराव केले. स्टोकरने त्याला परदेशी सरदार केले. त्या दोहोंच्या मध्ये प्रॉस्पेर मेरिमेने १८२७ मध्ये 'ला गुझला' या नावाने इलिरियन लोकगीतांचा म्हणून एक संग्रह प्रसिद्ध केला. तो बव्हंशी त्याच्याच कल्पनेतून उतरलेला होता. तरीही पुश्किनने त्यातील काही रचना खऱ्या लोकगीतांच्या समजुतीने रशियनमध्ये आणल्या. एका थोर स्लाव्ह कवीला स्लाव्ह लोकसमजूत फ्रेंच बनावटीतून मिळावी, ही घटना साधनचिकित्सेच्या प्रत्येक विद्यार्थ्याने ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

याच्या अगदी उलट उदाहरण मिलोवान ग्लिशिचच्या 'नव्वद वर्षांनंतर' (१८८०) या सर्बियन कथेचे आहे. झारोझ्ये गावच्या गिरणीत रात्री राहणारा गिरणीवाला सकाळी मेलेला आढळतो. तेथे सावा सावानोविच या जुन्या वांपिराचा वास आहे. त्याचे थडगे कोठे आहे हे गावातील एका अतिवृद्ध स्त्रीच्या स्मृतीवरून शोधावे लागते. आणि खुंट मारताना त्याच्या तोंडातून एक फुलपाखरू निसटते. येथे ना सरदार आहे, ना किल्ला. पीठ, दारिद्र्य, लग्नाला नकार देणारा बाप आणि पुसट होत चाललेली गावाची आठवण यांनी ही कथा विणलेली आहे. ग्लिशिचची भयकथा गावाच्या आतून लिहिलेली असल्यामुळे काराजिचच्या नोंदीशी तिचे नाते सहज जुळते. स्टोकरच्या कादंबरीचे जुळत नाही. तिचे वाङ्मयीन मूल्यही याच कारणाने अधिक टिकाऊ आहे.

भारतीय वाचकाच्या बाबतीत या गल्लतीला आणखी एक पदर आहे. रिचर्ड बर्टनने १८७० मध्ये वेताळपंचविशीचे रूपांतर 'विक्रम अँड द व्हँपायर' या नावाने प्रसिद्ध केले, आणि तेव्हापासून वेताळ व व्हँपायर यांचे समीकरण इंग्रजी ग्रंथांतून चालत आले आहे. दोहोंतही सत्त्व प्रेतात शिरते, एवढे साम्य काराजिचच्या व्याख्येवरून दाखविता येईल. पण वेताळ परक्याच्या प्रेतात वस्ती करतो. त्या प्रेताच्या बायकामुलांशी त्याला कर्तव्य नसते. तो राजाला कोडी घालतो व शेवटी त्याचे हितही करतो. कोकणात व गोव्यात तर तो ग्रामरक्षक देव म्हणून पुजला जातो. वांपिर कोणाचेही रक्षण करीत नाही, आणि त्याचे सारे अस्तित्व त्याच्या आप्तसंबंधांवर उभे आहे. दहनाची चाल असलेल्या समाजात मृताचे भय देहरहित रूप घेते, तर दफनाच्या चालीत ते देहाला चिकटून राहते, हा भेदही या समीकरणात बुजून जातो. 'रक्तपिशाच' हा मराठी प्रतिशब्द सोयीचा असला तरी त्यातील दोन्ही घटक, रक्त आणि पिशाच, मूळ समजुतीचा गाभा दाखवीत नाहीत.

(८)

या चिकित्सेतून निघणारे निष्कर्ष असे. वांपिराच्या समजुतीचा आधार नावांपेक्षा कृत्यांत शोधावा. दुशानच्या संहितेचा पुरावा नोव्हगोरोदच्या पुष्पिकेपेक्षा म्हणूनच अधिक मोलाचा आहे. अठराव्या शतकातील अहवाल हे गावकऱ्यांचे कथन व अधिकाऱ्यांचे निरीक्षण यांचे मिश्रण असून ते वाचताना प्रत्येक विधान कोणाचे, हे वेगळे करणे अवश्य आहे. रक्तप्राशन हे या समजुतीचे एक अंग असले तरी तिचा गाभा अपुरे राहिलेले मरण व त्यामुळे बिघडलेले आप्तपण हा आहे. आणि मृतावर ठेवलेला आरोप जिवंतांना मोकळा सोडतो, हे गृहीत मूळ कागदांशी जुळत नाही.

गावकऱ्यांचे स्वतःचे शब्द या अहवालांत थेट कोठेही उतरलेले नाहीत. ते दुभाष्याच्या, कारकुनाच्या व वैद्याच्या हातून गाळून आले आहेत. कोसोवोतील जिप्सी लोकांतील समजुतींवर तातोमीर व्हुकानोविचने १९५७ ते १९६० या काळात प्रसिद्ध केलेल्या लेखांसारखी, माहिती देणाऱ्यांच्या जवळ जाऊन केलेली संकलने म्हणूनच विशेष महत्त्वाची ठरतात. त्या संकलनांच्या उजेडात १७२५ आणि १७३२ चे कागद पुन्हा वाचणे, आणि स्तानासारख्या नोंदी केवळ वैद्यकीय कुतूहलाचा विषय न मानता एका घराचा इतिहास म्हणून वाचणे, हे काम अद्याप पुष्कळ शिल्लक आहे.